साहेबांची साखळी

निवृत्तीनंतर साहेबांकडे एकच सत्ता उरली होती: बाहेरच्या खोलीतली खिडकीजवळची खुर्ची. बायकोने त्या खोलीत क्रोशाचा वर्ग काढला आणि ती खुर्चीही गेली. रोज दुपारी साहेबांची रवानगी स्वयंपाकघरात, सिलिंडरशेजारच्या स्टुलावर.

"वर्गात फक्त शिकणाऱ्यांनी बसायचं," बायकोने बजावलं.

"मग मी शिकतो!" चाळीस कारकून सरळ केलेल्या माणसाला एक सुई काय जड?

पहिला धडा साखळीचा. सुईवर लोकर घ्यायची, फासातून ओढायची, झाला टाका. साहेबांनी जन्मात कुणाला ढील दिली नव्हती, कारकुनांना नाही की पोरांनाही नाही. प्रत्येक टाका त्यांनी दातओठ खाऊन आवळला.

"आता वळा आणि साखळीच्या प्रत्येक टाक्यात सुई घालून मुके खांब, म्हणजे आखूड टाके, घाला," बायको म्हणाली.

सुई आत शिरेना. शिरणार कुठून? मुंगीलाही वाट ठेवली नव्हती.

"अहो, फार आवळलंत. उसवा आणि सैल हाताने परत घाला."

"मी केलेलं काम मागे फिरत नाही."

"म्हणूनच तुमच्या निरोप समारंभाला तीन माणसं होती. त्यातली एक मी."

बायका माना खाली घालून टाके मोजू लागल्या. साहेबांना ते फार लागलं. उसवायचं नाही आणि वळता येत नाही, म्हणजे पुढे जाणंच आलं. ते नुसती साखळी घालत राहिले. इतरांच्या टोप्या पुऱ्या झाल्या, तेव्हा साहेबांची साखळी खुर्चीखालून दारापर्यंत पोचली होती. तीत एकीचा पाय अडकला आणि तिच्या हातातला चहा दुसरीच्या शालीवर सांडला. ती शाल तिने लेकीच्या सासूसाठी विणली होती. दुसरीने तिथेच भोकाड पसरलं.

"उठा," बायको म्हणाली आणि तिने साखळी लोकरीच्या गुंड्यापासून कापून काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरच्या खोलीत हशा पिकला, म्हणून साहेब बघायला गेले. दारात त्यांचीच साखळी आडवी होती, दोन्हीकडच्या खिळ्यांना वेढे देऊन घट्ट ताणलेली. पलीकडे त्यांच्या खुर्चीवर बायकांच्या पिशव्या ऐसपैस बसल्या होत्या.

"काका, पक्की आहे हो! ओढून बघितली, तुटतच नाही," शालवाली मनापासून म्हणाली. इतक्या दिवसांत साहेबांच्या कामाला मिळालेली ही पहिलीच शाबासकी.

कापलेलं टोक खाली लोंबत होतं. ते फासातून ओवून बंद करायचं राहून गेलं होतं. नुसतं ओढलं असतं, तर सगळी साखळी सरसर उसवून वाट मोकळी झाली असती. साहेबांनी टोक हातात धरलं. खुर्चीकडे एकदा पाहिलं.

मग त्यांनी ते शेवटच्या फासातून ओवलं, दातओठ खाऊन आवळलं आणि स्टुलावर जाऊन बसले.