रुजू होण्याआधीचा रकाना

हेडक्लार्कला आज पाचच्या आत सुटायचं होतं. तीन वर्षं बायको एका गावात नि तो दुसऱ्यात. आता बदलीचा आदेश हातात होता, पण त्याच्या जागी येणारं माणूस आजच रुजू झालं नाही तर तो आदेश रद्द होणार होता. तशा नव्या बाई सकाळी दहालाच येऊन समोरच्या बाकावर बसल्या होत्या. घोडं अडलं होतं ते त्यांच्या अर्जातल्या ‘लिंग’ या रकान्यापाशी.

बाईंनी तिथं स्वच्छ अक्षरात ‘ट्रान्स स्त्री’ लिहिलं होतं. आणि कालच परिपत्रक आलं होतं, की यापुढे ‘इतर’ लिहू नये, सोबतच्या यादीतला अचूक शब्द वापरावा.

साहेबांनी यादीवर बोट फिरवलं. “समलैंगिक, उभयलैंगिक... यातलं बाईंचं कुठलं?”

“साहेब,” हेडक्लार्क म्हणाला, “ते जीव कुणावर जडतो त्याचं झालं. आपला रकाना माणूस स्वतः कोण आहे त्याचा.”

“मग जीव जडल्याचा रकाना कुठंय?”

“नाहीये, साहेब.”

“सुटलो!” साहेब म्हणाले. “बाईंचा शब्द यादीत आहे, मान्य. पण तो त्यांना लागू आहे हे ठरवणार कोण? उद्या चौकशी लागली तर? वर विचारा.”

वर विचारलं. एक वाजता उत्तर आलं, की विहित नमुन्यात विचारावं. तसं विचारलं. तीन वाजता उत्तर आलं, की स्थानिक समिती नेमावी, तीत एक महिला सदस्य असावी. हेडक्लार्कनं कपाळाला हात लावला. सबंध कार्यालयात महिला एकच, आणि ती बाकावर.

“घ्या की बाईंनाच,” साहेब म्हणाले.

“रुजू झाल्याशिवाय कसं घेणार?”

“आणि महिला म्हणून घेतलं की निकाल आधीच लागला! छे छे, नियमात बसत नाही.”

तेवढ्यात शिपाई बाकापाशी जाऊन म्हणाला, “ताई, चहा आणू? सकाळपासून बसलायत.” त्यानं परिपत्रक वाचलं नव्हतं.

साडेचारला बायकोचा फोन आला. “निघालात का?” हेडक्लार्कला रडूच यायचं बाकी होतं. त्यानं फोन ठेवला आणि थेट वरच्या कार्यालयाला लावला.

“अहो, परिपत्रकाचं पान तीन वाचा ना!” पलीकडचा बाबू वैतागला. “संबंधित व्यक्ती सांगेल तेच लिहायचं. विचारलंत का त्यांना?”

दिवसभर विचारायचं राहिलं होतं ते एवढंच. पान तीन साहेबांच्या पंख्याखाली उडू नये म्हणून पेपरवेटसकट फायलींच्या तळाशी गेलं होतं.

हेडक्लार्क बाकापाशी गेला. मान वर होईना. “बाई... काय लिहू?”

“जे मी दहा वाजता लिहिलंय तेच.”

पाचला दहा कमी असताना त्या रुजू झाल्या, खुर्चीवर बसल्या आणि पहिलाच कागद हातात घेतला तो हेडक्लार्कच्या कार्यमुक्तीचा. त्यातही तोच रकाना होता, आणि घाईत तो कोरा राहिला होता. हेडक्लार्कनं घड्याळाकडे बघितलं. आता समिती, विहित नमुना, सगळं पुन्हा पहिल्यापासून!

बाईंनी पेन उघडलं. “काय लिहू, भाऊ?”

“प... पुरुष.”

बाईंनी लिहिलं, शिक्का मारला आणि कागद पुढे सरकवला.

“निघा. वहिनी वाट बघत असतील.”