कर्टिसरावांचा रुसवा

मुरलीधर टिकेकरांना लेकीच्या लग्नात जावयाचे पाय धुवायचे होते, त्याला विहीण-पंक्तीत चांदीच्या ताटात जेवू घालायचं होतं, आणि एकूणच सासरा म्हणून जे काही मिरवता येतं ते सगळं मिरवायचं होतं. पण सुखदाने लग्नाची बातमी दिली तीच मुळी लग्न झाल्यावर. ओहायोतल्या एका कॉलेजात शिकवायला म्हणून गेलेली मुलगी, तिथल्या कर्टिस नावाच्या सुताराशी कोर्टात लग्न करून मोकळी झाली. मुरलीधरराव चांगले वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस आपणहून फोन करून त्यांनी एकच विचारलं, "तिकडे सगळं व्यवस्थित आहे ना गं? काळजीचं काही नाही ना?" सुखदा म्हणाली, "काही नाही बाबा." झालं, राग संपला.

राग संपलेल्या बापाला सगळं भरून काढायची भलती घाई होते. त्यातून यंदा अधिक महिना आला. अधिकात जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं असतं. मुरलीधररावांनी जोडप्याला तिकिटं काढायला लावली आणि ऐन जूनमध्ये, दिल्ली भाजून निघत असताना, कर्टिसराव सरोजिनी नगरच्या नव्या टॉवरमधल्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये येऊन दाखल झाले.

साडेसहा फूट उंच, हाताचे पंजे सुपाएवढे, आणि स्वभाव? काय सांगावं! मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर हा माणूस दोन्ही हातांनी कठडा धरून उभा राहायचा. रस्ता ओलांडायला एखाद्या आजीबाईंची वाट बघायचा आणि त्यांच्या मागोमाग जायचा. ऑटोत बसायच्या आधी त्याने हेल्मेट मागितलं, तेव्हा ऑटोवाला इतका हसला की मीटर टाकायचं विसरला. सासूबाईंनी, विनयाताईंनी, पंख्यावरची जळमटं काढायला स्टूल पुढे केलं, तर जावईबापू दोन पावलं मागे सरले.

"सुतार आहे ना हा?" विनयाताईंनी नवऱ्याला हळूच विचारलं. "शिडीवर चढत नाही तो सुतार कसला?"

"जपून वागणारा आहे," मुरलीधरराव म्हणाले. "संसारी माणसाने असंच असावं."

जपून वागणं म्हणजे काय हे मुरलीधररावांना बरोबर ठाऊक होतं. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात ते सेक्शन ऑफिसर, निवृत्ती तोंडावर आलेली. सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड ते देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी ठेवत. येईल त्या पाहुण्याला ते कार्ड दाखवलं जाई. मात्र कार्ड हाताशी आहे म्हटल्यावर मुद्दाम दवाखान्यात जायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं असल्यामुळे डॉक्टरचं तोंड त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

वाणाचा दिवस उजाडला. विनयाताईंना अनारशांची धास्ती होती. पीठ जरा सैल झालं की अनारसे तुपात पसरतात, विरघळून जातात, आणि बायका त्याला 'अनारसे हसले' म्हणतात. ते हसू होऊ नये म्हणून विनयाताईंनी पिठात आणखी पीठ घातलं. मग धीर होईना म्हणून आणखी थोडं घातलं. अनारसे एकही हसले नाहीत. परातीत टाकले की टणटण वाजत होते. मुरलीधररावांनी त्यातला एक चाखला, मग गुपचूप चहात बुडवून संपवला आणि "उत्तम झालेत" असं जाहीर केलं.

संध्याकाळी पाट मांडला, रांगोळी काढली. चांदीच्या ताटात तेहेतीस अनारसे, वर दिवा. कर्टिसरावांनी सुखदाने शिकवल्याप्रमाणे हात जोडले, "खूप छान" म्हणाले आणि पहिला अनारसा तोंडात घालून चावले. कटकन आवाज झाला. कर्टिसरावांचे डोळे मोठे झाले आणि भरून आले. एक थेंब तर गालावरून दाढीत उतरला.

ते बघून मुरलीधररावांनाही भरून आलं. "परदेशातला असून बघ कसा गहिवरला," ते बायकोला म्हणाले. इतक्या दिवसांचं शल्य त्या एका थेंबात वाहून गेलं असं त्यांना मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुखदा तिच्या शाळेतल्या मैत्रिणीकडे, सलोनीकडे, चंडीगडला गेली. कर्टिसरावांनाही नेणार होती, पण हायवेवरचा प्रवास म्हटल्यावर ते नको म्हणाले. ती गेली, आणि जावईबापूंनी तोंडच मिटलं. नाश्त्याला पोहे केले होते, त्यांनी मान हलवली. दुपारी श्रीखंड-पुरी केली, त्यांनी पुरीला हात लावला नाही, नुसतं श्रीखंड एका बाजूने चाटलं. विचारलं तर "फाइन, फाइन" एवढंच, तेही ओठ न उघडता. रात्री ताट तसंच सरकवून ते खोलीत गेले.

आता आपल्याकडे जावई जेवत नाही आणि बोलत नाही, याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. तरी खात्री करून घ्यावी म्हणून मुरलीधररावांनी आपल्या जुन्या मित्राला, पद्माकर देवधरांना, फोन लावला. पद्माकर कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात, म्हणजे आपल्या राज्याच्या अतिथिगृहात, नोकरीला, आणि या विषयातला अधिकारी माणूस. स्वतःच्या लग्नात बोहल्यावरून उठून ते जानवशाच्या गच्चीत जाऊन बसले होते आणि स्कूटर कबूल झाल्यावरच खाली आले होते.

"रुसलाय," पद्माकरांनी निदान केलं. "सीधी बात आहे यार मुरली. ताट सरकवलं ना? बिल्कुल रुसलाय."

"अरे, पण अमेरिकन आहे तो."

"जावई आहे ना? मग झालं. तू दिलंस काय? अनारसे! त्याच्या जागी मी असतो तर मीसुद्धा बोललो नसतो."

मुरलीधररावांना ते पटलं. लग्नात काही दिलं नाही, वर्षभर अबोला धरला आणि आता पीठ-गुळावर बोळवण करायला निघालो, या विचाराने त्यांना स्वतःची लाज वाटली. लेक परत यायच्या आत जावयाची समजूत निघालीच पाहिजे. नाहीतर ती परत जाईल ती माहेरी मान नाही असं मनात घेऊन.

सकाळी त्यांनी चांदीची वाटी पुढे केली. कर्टिसराव डोळ्यांनी हसले, मान डोलवली आणि जेवले नाहीत. दुपारी जरीचा कुडता आला. तो छातीत बसेना, पण त्यांनी तो अडकवून घेतला आणि जेवले नाहीत. संध्याकाळी मुरलीधररावांनी मनगटावरचं घड्याळ उतरवून दिलं, रात्री साखरपुड्यातली अंगठी काढून दिली. ती जावयाच्या करंगळीतच कशीबशी शिरली. घरातला एकुलता एक एसी होता तो जावयाच्या खोलीत, आणि नवरा-बायको बाहेर कूलरसमोर उकडत पडले. जेवण मात्र जावयाच्या घशाखाली उतरेना. टाकवत नाही म्हणून उरलेले अनारसे मुरलीधरराव रोज चहात बुडवून खाऊ लागले, कारण चिंतेत त्यांना गोडच लागायचं.

कर्टिसराव मात्र प्रत्येक वस्तूगणिक जास्तच कानकोंडे होत होते. गालावर हात ठेवून, डोळे मिटून बसायचे.

"अहो, हा कपाळाला नाही, गालाला हात लावतो," विनयाताई म्हणाल्या. "मला काही रुसवा वाटत नाही हा."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मुरलीधरराव म्हणाले. आणि त्यांनी पद्माकरांना विचारून शेवटचा उपाय केला. स्वतःच्या स्कूटरला हार घातला, किल्लीला हळदकुंकू लावलं, जावईबापूंना खाली पार्किंगमध्ये नेलं आणि किल्ली हातावर ठेवली. एक फेरी मारून या, असं खुणेने सांगितलं. समोर सरोजिनी नगरचा बाजार गच्च भरला होता, ई-रिक्षा एकमेकींत घुसत होत्या, एक बैलही होता.

कर्टिसरावांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी किल्ली परत करायला हात पुढे केला, मान जोरजोरात हलवली.

मुरलीधररावांचा आता बांध फुटला. स्कूटरच्या पलीकडे त्यांच्याजवळ देण्यासारखं काही उरलं नव्हतं. आपल्या सरकारी इंग्रजीत त्यांनी विचारलं, "आमचं काय चुकलं ते एकदा सांगा. मी म्हातारा माणूस, लेकीशिवाय मला कोण आहे? तुम्हाला हवं तरी काय?"

कर्टिसरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. अगदी 'आ' करून उघडलं. खालची एक दाढ मधोमध दुभंगलेली होती.

"अनारसा," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी अगदी स्वच्छ उच्चारला.

मग स्कूटरवरच बसून त्यांनी सगळं सांगितलं. स्वतंत्र धंदा करणाऱ्याला तिकडे विमा स्वतःचा स्वतः घ्यावा लागतो. हप्त्यातला बराच भाग इतकी वर्षं सरकार भरत होतं. धोरण बदललं, ती मदत आटली आणि हप्ता एकदम दुपटीच्या वर गेला. तेव्हा विमा सोडून दिला. आता विम्यावाचून एक हाड मोडलं तर घर विकायची पाळी, म्हणून जिना नको, शिडी नको, हायवे नको. दात तुटल्यावर तर त्यांना दाताच्या डॉक्टरचं नावही काढायची भीती वाटली, कारण इकडेही तसंच असणार अशी त्यांची समजूत होती.

"मग आम्हाला का नाही सांगितलंत?"

"सुखदाने शपथ घातली होती. तुम्ही तिला विचारलं होतं ना, काळजीचं काही नाही ना?"

मुरलीधरराव त्यांच्या शेजारी टेकले. मग विचारलं, "आणि तिचा विमा?"

"तिची नोकरी हंगामी. तिचाही नाही."

मुरलीधररावांना फार वाईट वाटलं. देवघरातल्या कार्डाचं आपण जगाला कौतुक सांगत फिरलो आणि पोटची पोर शिंकायलाही भीत जगते आहे. त्या कार्डात लग्न झालेली मुलगी बसत नाही, जावई तर नाहीच नाही. त्यांनी स्कूटरचा हार काढला, जावयाला चालत, हात धरून रस्ता ओलांडून, बाजारातल्या कपड्यांच्या दुकानावरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून आत पाहिलं. "अंकल, इनको खिलाया क्या था?"

मुरलीधरराव भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचू लागले. विनयाताईंचं नाव दिल्लीच्या मराठी मंडळात अनारशांसाठीच होतं.

दाढ नीट झाली, वर टोपी बसली. पैसे किती झाले ते ऐकल्यावर कर्टिसरावांनी ते पुन्हा विचारलं, मग पुन्हा एकदा विचारलं, आणि डॉक्टरीणबाईंना मिठी मारायच्या बेतात होते, पण मुरलीधररावांनी आवरलं. मग मात्र त्यांची भूक चाळवली. गुडघा जरा कुरकुरतो, तो दाखवता येईल का? पाठीवर एक तीळ आहे, तो बघणारं कोणी असतं का? डोळे? कान? मेळ्यात आलेल्या पोरासारखे ते बाजारातल्या डॉक्टरांच्या पाट्या वाचत चालले.

एका लॅबच्या दारावर फलक होता: संपूर्ण शरीर तपासणी, तेहेतीस चाचण्या. मुरलीधरराव जागच्या जागी थबकले. तेहेतीस! हेच खरं वाण. सुखदा परतली, तिला बाबा एका अक्षराने बोलले नाहीत, फक्त जवळ घेतलं आणि दोघांना पाटावर बसवून लॅबच्या पावत्या चांदीच्या ताटातून दिल्या, वर सुपारी ठेवून. तिघांवर चौथा फुकट अशी सवलत होती, म्हणून तिसऱ्या विनयाताई झाल्या. फुकट जाणारं काही मुरलीधररावांना बघवत नसे, तेव्हा चौथे ते स्वतः झाले.

दोन दिवसांनी लॅबमधून फोन आला. कर्टिसरावांचं सगळं ठणठणीत. सुखदाला थोडं ऊन कमी पडतंय, विनयाताईंचंही बरं आहे. "और अंकल की शुगर बहुत ज़्यादा है. मीठा आज से बंद."

विनयाताईंनी अनारशांचा डबा कपाटात घालून किल्ली कमरेला खोचली. चहा बिनसाखरेचा झाला. "कार्ड आहे ना," त्या म्हणाल्या, "उद्याच्या उद्या दवाखान्यात जायचं."

त्या रात्री पानं वाढली. दुधी भोपळ्याची भाजी, दोन फुलके. मुरलीधररावांनी ताट सरकवलं, हाताची घडी घातली आणि ओठ घट्ट मिटून समोरच्या भिंतीकडे पाहत बसले. बाबा, दोन घास खा, म्हणून सुखदाने विनवलं, पण त्यांनी मान हलवली.

कर्टिसराव विनयाताईंनी काढून दिलेला एक अनारसा नव्या दाढेने कुडुमकुडुम चावत होते. चावता चावता ते थांबले. सासऱ्याकडे त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. मग करंगळीतली अंगठी ओढून काढली आणि मुरलीधररावांच्या ताटाशेजारी ठेवली. सासऱ्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मग घड्याळ ठेवलं. मग जरीचा कुडता आणून घडी करून ठेवला, त्यावर चांदीची वाटी, आणि वाटीत हळदकुंकू लावलेली स्कूटरची किल्ली. तरी सासरेबुवा तोंड उघडेनात.

तेव्हा कर्टिसराव काळजीने सुखदाच्या कानाशी वाकले आणि विचारलं, "यांचाही दात तुटला का?"