साखर बंद, आग्रह करू नये

मनावर ताबा कसा ठेवावा हे ज्याला शिकायचं असेल, त्यानं शहाण्णव सालच्या दिवाळीत मला येऊन बघायला हवं होतं! बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या रक्ततपासणीचा कागद वाचला, चष्म्यावरून मला वाचलं आणि म्हणाल्या, "ज्ञानदेवराव, साखर बंद!"

आता मी नोकरीला साखर कारखान्यावर. त्यातही नेमका वाटपाच्या खिडकीत! सभासदांना दिवाळीची सवलतीची साखर द्यायची आणि कार्डावर शिक्का मारायचा. बेडकाला 'विहीर बंद' म्हणावं, तसलाच हा प्रकार!

मी घासाघीस केली. "भाऊबीजेला बहिणीच्या हातच्या करंज्या तरी?"

"किती?"

"पाच."

"एक."

दोनावर सौदा पटला.

पण त्या दोन साध्यासुध्या नव्हेत हो! माझी थोरली बहीण सारजाक्का निरवांगीला दिलेली. भाऊबीजेला ती डबा घेऊन येते. करंजीत भाजलेलं खोबरं, खसखस, वेलदोडा, आणि कडेला बोटांनी घातलेली मुरड, मोजून एकवीस घड्यांची. आई गेल्यापासून तशी मुरड घालणारा जगात एकच हात उरलाय. ऐन वैशाखात शिक्के मारता मारता मला तो वास येतो आणि शिक्का कार्डाऐवजी टेबलावर बसतो.

तेव्हा बेत पक्का! बाकी सगळ्या फराळाला नमस्कार, त्या दोन करंज्यांसाठी जीभ राखून ठेवायची.

पण आमच्या खिडकीवर रिकाम्या हातानं कोण येतो? कोणी पेढा आणतो, कोणी लाडू. माणूस ओळखायचा तर त्याचा लाडू बघावा! बेदाणा वरून मिरवणाऱ्याचं बेसन आत कच्चं असतं. फुटका लाडू देणारा हटकून म्हणतो, "घरचाच समजा!" दोन दिवसांत मी एकशे चौदा लाडू नाकारले. आमच्या शेजारच्या कुशाबाईंनी तर चिवड्याखाली लाडू लपवून आणला, जणू बोगद्यातून कैदी पळवतायत! तिसऱ्या दिवशी माझा हात माझं ऐकेना. मग पुठ्ठा घेतला आणि निळ्या पेन्सिलीनं ठळक लिहिलं:

साखर बंद.
आग्रह करू नये.
हुकमावरून.

हुकूम डॉक्टरांचा, हे लिहायला पुठ्ठा पुरला नाही. पाटी खिडकीला टांगली आणि मी बिनसाखरेचा चहा प्यायला गेलो.

परत येतो तर खिडकीपुढं ही जत्रा! पुढं म्हस्कूतात्या, खांद्यावर रिकामं पोतं.

"आरं, ऊस आमचा, साखर आमची, आन् बंद करनारा तू कोन?"

"तात्या, माझी साखर बंद हाय!"

"तुजी? आमची साखर तुजी कवापासनं झाली रं?"

"तसं न्हवं! हुकूम हाय डॉक्टरांचा, बारामतीच्या..."

त्या गलक्यात लोकांना शेवटचा शब्द तेवढा ऐकू गेला.

"बारामतीचा हुकूम हाय म्हनं!"

झालं! जत्रा क्षणात चिडीचूप. बारामतीहून म्हटल्यावर आमच्या भागात पुढचं कोणी विचारत नाही. मागून एक बाई ओरडली, "मंग बगताय काय? दुकानातली तरी उचला!" आणि सगळी पोती दुकानांच्या दिशेनं पळाली. एक टेम्पोही गर्रकन वळला आणि धुरळा उडवत गेला. कोणाचा, ते मी बघितलं नाही.

तासाभरात दुकानदारांनी साखर दडवली. कारखान्याचे साहेब धावत आले, त्यांनी पाटी फाडली आणि मला जीपमध्ये कोंबून हातात भोंगा दिला. संध्याकाळपर्यंत मी रस्त्यारस्त्यानं बोंबलत होतो, "माझी बंद हाय! तुमची चालू हाय!" पोरं मागनं पळत होती.

हळूहळू लोक हसले, परत फिरले आणि साखर घेऊन गेले. मला वाटलं, मिटलं.

पुढचे चार दिवस कसे काढले ते मला ठाऊक! बायको मुक्ता शंकरपाळी तळायची आणि मी परसात उभा राहून कढीलिंबाची पानं चावायचो. भाऊबीजेला सकाळी आठपासून एसटीच्या थांब्यावर हजर. बारा वाजता अक्का उतरली. मांडीवर धरून आणलेला डबा अजून कोमट होता.

ओवाळून झालं. मी हात धुतले. डबा उघडला. करंज्या! मुरड मोजली, एकवीस! डोळे मिटले, पहिला घास घेतला आणि असा ठसका लागला की निरांजन विझलं!

"अक्का! ह्ये काय?"

"डाळीच्या हायत. मीठ-मिरचीच्या. साखर कुठनं आनू? गावाची कार्डं घिऊन आमचा टेम्पोवाला सिकंदर आलता, तो पाटी वाचूनच माघारी आला. दुकानात बी मिळंना. लोकं म्हनली, बातमी खोटी आसंल. मी म्हनलं, माझ्या द्यानबानं सोता लिवलंय, खोटं कसं आसंल?"

"आगं, गूळ तरी घालायचा!"

"आईनं कवा गुळाची केलती? त्यापरीस तिखट बरी." मग माझ्याकडं निरखून बघत म्हणाली, "डोळ्यांत पानी का रं?"

"मिरची," मी म्हणालो.

परवानगी दोनाची होती, पण ती गोड करंज्यांची! तिखटाच्या मी नऊ खाल्ल्या. सारण कुठलंही असो, मुरड तर आईचीच होती ना!

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी नवा कागद वाचला आणि टाळीच वाजवली. "साखर उतरली! दिवाळीत एवढा संयम मी अजून कोणाचा पाहिला नाही. आता हाच हुकूम पुढच्या दिवाळीपर्यंत कायम!"

मी मान डोलावली. बाहेर पडलो, पोस्टातून एक कार्ड घेतलं आणि तिथंच उभ्यानं निरवांगीला लिहिलं:

"अक्का, साखर सुरू झाली. आग्रह करावा. हुकमावरून."

हुकूम कोणाचा, ते याही खेपेला लिहिलं नाही. कार्डावर जागा होती तरी!