सर्वांचं स्वागत असलेला वरचा मजला

नळदुर्गच्या बलभीमरावांच्या (आडनाव पुढे योग्य ठिकाणी येईल) घराचा वरचा मजला सात महिन्यांपासून रिकामा होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, बाहेरून स्वतंत्र जिना, गच्चीवर पाण्याची मोठी टाकी. अशा मजल्याला भाडेकरू मिळू नये, ही बाब सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेल्या माणसाला मानहानीकारक वाटत होती.

त्यांच्या पत्नीला, महानंदाबाईंना, मानहानीशी देणंघेणं नव्हतं. मुलगा पुण्याला, मुलगी हैदराबादला, स्वतःचे गुडघे दुखरे आणि रक्तदाब वर-खाली. बलभीमराव दिवसभर वर्तमानपत्रात. बाई एकट्या पडल्या होत्या आणि ते त्या लपवत नव्हत्या.

"अवो, वर कुणाची तरी पावलं वाजू द्या," त्या म्हणायच्या. "घर लई गप झालंय. बाकी मला काय बी नको."

माणसं येत नव्हती असंही नाही. सात महिन्यांत अकरा जण येऊन गेले. प्रत्येकाकडून बलभीमरावांनी स्वहस्ते आखलेला 'भाडेकरू चौकशी तक्ता' भरून घेतला. जात विचारणं असभ्य असल्यामुळे तक्त्यात जातीचा रकाना नव्हता. पूर्ण नाव, आडनाव, आईचं माहेरचं आडनाव, मूळ गाव, त्या गावात घर कोणत्या बाजूला, पाव्हणेरावळे कुणाकडे, एवढेच पहिले सहा रकाने होते. एका ग्रामसेवकाचं आडनाव दोन समाजांत निघतं, म्हणून त्याचा अर्ज विचाराधीन राहिला. तो विचाराधीन असतानाच त्याची बदली झाली.

अकराही प्रकरणांचा साकल्याने विचार करून बलभीमरावांनी निष्कर्ष काढला की, घराची जाहिरात कमी पडते आहे. सबब व्हिडिओ काढावा.

व्हिडिओसाठी दिग्विजय आला. त्याला लग्नाच्या शूटिंगचा नऊ वर्षांचा अनुभव होता आणि इतर कशाचाही नव्हता. त्याने दारात येताच विचारलं, "काका, एन्ट्री कुठून घ्यायची?" मग जिन्याला झेंडूचं तोरण लागलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडल्या. नळ सोडला तो स्लो मोशनमध्ये; पाणी आठवड्यातून एकदा येत असल्यामुळे शूटिंगचा मुहूर्त पाण्याच्या वाराचाच धरला होता. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज काढून तिथे सनई भरली. गच्चीवरून किल्ला दिसत नव्हता, पण ड्रोन आणखी शंभर फूट वर नेल्यावर दिसला. म्हणून 'किल्ला दिसणारं घर' असं लिहिण्यात आलं.

"आता शेवटी एक वाक्य पाहिजे काका, काळजाला हात घालणारं," दिग्विजय म्हणाला.

"उदाहरणार्थ?"

"'हे घर सर्वांचं आहे. सर्वांचं स्वागत आहे.'"

बलभीमरावांनी क्षणभर विचार केला. वाक्य ऐकायला चांगलं होतं आणि ते कुणावर बंधनकारक नव्हतं. त्यांनी मंजुरी दिली. कॅमेऱ्यासमोर हात जोडून ते वाक्य ते स्वतः म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज किंचित भरूनही आला.

व्हिडिओ चालला. अणदूरपासून मुरुमपर्यंत प्रत्येक मोबाईलवर पोहोचला. खाली लोकांनी लिहिलं, 'असे मालक आज राहिले नाहीत', 'हीच खरी माणुसकी'. बलभीमराव या प्रतिक्रिया मोठ्याने वाचून दाखवत आणि महानंदाबाई वरच्या मजल्याकडे कान लावून बसत.

रविवारी सकाळी रोहिणी आली. ती गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. नवरा बुद्धघोष उमरग्याला बँकेत. रोज दोघं धाराशिवहून बसने यायचे, तीन वर्षांच्या मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवून. नळदुर्गात घर मिळालं तर रोज जाता-येताचे तीन तास वाचून मुलीला आई मिळणार होती. मुलीला ती आज सोबत घेऊन आली होती.

घर तिला आवडलं. तोरण सुकलं होतं, किल्ला कुठे दिसेना, तरी आवडलं. मुलगी वरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत सुटली. खाली महानंदाबाईंनी धप्धप् आवाज ऐकला आणि न विचारता चहात दूध वाढवलं.

चहा पिताना रोहिणीने त्यांची नाडी पाहिली. "काकू, गोळी चुकवत जाऊ नका. मी हाय ना आता वर, रोज बीपी बघत जाईन."

"व्हय गं माय, बघ," महानंदाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

बलभीमरावांनी तक्ता पुढे केला. रोहिणीने पहिल्या रकान्यात नाव लिहिलं, दुसऱ्यात आडनाव. मग तिसरा, चौथा, पाचवा रकाना वाचला आणि पेन खाली ठेवलं. बलभीमरावांनी कागद उचलला, चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"अरेरे," ते म्हणाले. "राहिलंच बघा सांगायचं. काल संध्याकाळीच एकांचं ठरलं."

"पण काका, आत्ताच तुमी गिझर कुठं लावायचा विचारत होता मला."

"ते सर्वसाधारण मत घेत होतो."

असं ती पहिल्यांदाच ऐकत नव्हती. तिने मुलीला कडेवर घेतलं. दारात चप्पल घालताना म्हणाली, "व्हिडिओतच सांगायचं व्हतं काका. रविवारचा हेलपाटा तरी वाचला असता."

महानंदाबाई चुलीवरच्या रिकाम्या पातेल्याकडे बघत राहिल्या. नवऱ्याशी त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. हे बलभीमरावांच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

दरम्यान ते एका तांत्रिक अडचणीत होते. बत्तीस वर्षांच्या सेवेत त्यांनी कोणतीही खोटी नोंद पुराव्याशिवाय सोडली नव्हती. मजला गेला असं सांगितलं, म्हणजे तो गेलेला दिसला पाहिजे. त्यांनी दिग्विजयला फोन करून व्हिडिओवर 'भाड्याने गेले' अशी लाल पट्टी टाकायला लावली. साहजिकच यायची ती माणसंही बंद झाली.

समोरच्या नीलम्मांनी विचारलं, "कोण आलंय म्हणं वर?"

"योगीराज म्हणून आहेत," बलभीमराव म्हणाले. घरात येऊन त्यांनी योगीराजच्या नावाने तक्ता भरला. सगळेच्या सगळे रकाने निर्दोष निघाले. असा भाडेकरू त्यांना आयुष्यात भेटला नव्हता.

"पण दिवा कसा लागंना वर?" नीलम्मांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. मग बलभीमराव रोज दिवेलागणीला वर जाऊन दिवा लावू लागले. कपडे वाळत दिसेनात, म्हणून स्वतःच्या दोन जुन्या पँटी रोज ओल्या करून दोरीवर टाकू लागले. तरी नीलम्मांचं समाधान होईना. "मानूस हाय म्हणता, मग चालायचा आवाज कसा येत न्हाय?"

यावर बलभीमराव महानंदाबाईंकडे वळले. "तुला पावलं हवीच होती ना? रोज संध्याकाळी अर्धा तास वर चालत जा. डॉक्टरांनीही चालायला सांगितलंय."

महानंदाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कठड्याला धरून, पायरीवर दोन्ही पाय टेकवत, त्या वर गेल्या. वरच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालू लागल्या. पावलं वाजत होती, फक्त ऐकायला त्या खाली नव्हत्या. आठवड्याभरात नीलम्मांनी गल्लीत सांगितलं की, योगीराजची बायको लंगडते.

पंधराव्या दिवशी उतरताना महानंदाबाईंचा पाय सटकला. बलभीमरावांनी रिक्षा करून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. ड्यूटीवर रोहिणी होती.

तिने त्यांना धरून झोपवलं, घोटा तपासला, दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला. कागदावर 'महानंदा, वय ६१' लिहिलं आणि पुढच्या कामाला लागली.

"आडनाव?" बलभीमरावांनी सवयीने आठवण करून दिली.

"नंतर लिहिते काका. पाय आधी," ती म्हणाली. मग बाईंना विचारलं, "गुडघे असे असताना वर कशाला गेला व्हता काकू? भाडेकरू हायत ना तिथं?"

"कुणी न्हाय गं माय," महानंदाबाई म्हणाल्या आणि लहान मुलासारख्या रडू लागल्या. "मीच चालते."

रोहिणीने बलभीमरावांकडे पाहिलं नाही. बाईंचा हात हातात घेऊन बीपी पुन्हा मोजलं.

बलभीमराव बाहेर बाकावर बसले आणि घडल्या प्रकाराचा त्यांनी साकल्याने विचार केला. दोष जिन्याचा होता. जिना दुरुस्त करून नवा व्हिडिओ काढायचं त्यांनी ठरवलं. सनई तीच ठेवायची, वाक्यही तेच.

राहता राहिलं त्यांचं आडनाव. ते योग्य ठिकाणी येईल असं सुरुवातीला सांगितलं होतं, आणि ते आलेलं नाही हे आपल्या लक्षात आहेच. नळदुर्गकडची दोन-चार आडनावं आपण लावूनही पाहिली असतील. रोहिणीच्या बाबतीत तर तेवढीही वाट पाहावी लागली नाही, नवऱ्याचं नाव वाचलंत आणि पुरलं. त्यामुळे तक्त्याची एक कोरी प्रत सोबत जोडायचं रद्द केलं आहे. पहिले सहा रकाने आपण वाचता वाचताच भरले आहेत.