बॅकअप शुद्धी कक्ष आणि ताईचा ठिपका

जपून ठेवलेल्या वस्तूला खरा धोका चोराचा नसतो, ती मागायला येणाऱ्याचा असतो. चोर एकदा येतो, न्यायचं ते नेतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. मागणारा मात्र "जरा बघू" म्हणतो, उघडतो, हात लावतो आणि वर विचारतो, "हे असं का झालंय?" घराघरांत पाहुण्यांसाठी ठेवलेला कपबशांचा सेट वर्षानुवर्षं शाबूत राहतो, कारण पाहुणे आले तरी चहा रोजच्याच कपांत जातो. जतन म्हणतात ते यालाच.

आमच्या रुग्णालयाला हे शहाणपण जरा उशिरा आलं. पूर्वी आमच्याकडे नुसता बॅकअप होता. रुग्णांचे एक्स-रे, रिपोर्ट, केसपेपर, सगळ्याची एक जादा प्रत रोज आपोआप तळघरातल्या मशीनवर जाऊन बसायची आणि कुणी तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. मग एकदा हिशेब विभागातल्या एका सहकाऱ्याने 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात' अशी मेल उघडली. (तो आयुष्यात कधीच काही जिंकला नव्हता, त्यामुळे त्याला दोष देणं बरं नाही.) त्या दिवशी काहीच झालं नाही. त्यानंतरही कित्येक आठवडे काही झालं नाही. मेलमधून आलेला व्हायरस गुपचूप बसून होता आणि बाकीच्या सामानाबरोबर रोज बॅकअपमध्येही जात होता. मग एका सकाळी सगळे संगणक बंद पडले. आम्ही हसत हसत बॅकअप चढवला. दोन दिवसांनी सगळे संगणक पुन्हा बंद पडले. औषधाच्या बाटलीतूनच आजार परत आला होता.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आम्ही ताक फुंकण्यासाठी एक स्वतंत्र कक्ष काढला. नाव, बॅकअप शुद्धी कक्ष. काम, बॅकअपमधल्या जुन्या फाइली व्हायरससाठी तपासणे. मी या कक्षाचा उपप्रमुख आहे. प्रमुखांना आम्ही मोठे साहेब म्हणतो, कारण लहान साहेब मी आहे.

कक्ष तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून आहे. भिंतीपलीकडे चादरी घुसळल्या जातात, अलीकडे फाइली. दारावर पाटी आहे: 'चपला बाहेर काढाव्यात. मास्क लावावा. शिंकणाऱ्यांना प्रवेश नाही.' संगणकाच्या व्हायरसला मास्कचा उपयोग होत नाही असं एका इंजिनिअरने सुचवून पाहिलं होतं. मोठे साहेब म्हणाले, "व्हायरस तो व्हायरस. आपण भेदभाव करत नाही." तो इंजिनिअर आता पार्किंगचं बघतो.

तपासणीच्या सॉफ्टवेअरला आम्ही प्रेमाने चाळणी म्हणतो. जागा वाचावी म्हणून जुन्या फाइली दाबून दाबून एकत्र बांधलेल्या असतात, ते गठ्ठे. गठ्ठ्यात गठ्ठा, त्यात आणखी गठ्ठा. चाळणीने प्रत्येक सोडवायचा, आत बघायचं, पुन्हा बांधायचा. चाळणीही शेवटी नोकरदारच. गठ्ठा फार मोठा निघाला की थोडा वेळ झटापट करते आणि पुढच्याकडे वळते. त्यामुळे निकालाचे तीन प्रकार पडतात:

अ) तपासले, व्हायरस सापडला.
ब) तपासले, व्हायरस सापडला नाही.
क) तपासलेच नाही, त्यामुळे व्हायरस सापडला नाही.

मोठ्या साहेबांच्या बारीक नजरेला पहिल्याच आठवड्यात दिसलं, की 'ब' आणि 'क' यांचं शेवटचं वाक्य एकच आहे. मग दोन वेगळे रकाने कशाला? दोन्ही एकत्र केले. त्या वर्षी आमचे शंभर टक्के गठ्ठे निर्मळ निघाले. (पैकी ब्याण्णव टक्के 'क'.) प्रत्येक गठ्ठ्याला 'काही आढळले नाही' असं प्रमाणपत्र मिळालं आणि आम्हाला आदर्श कक्षाची ढाल. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्याकडे अशा हजारो मुठी होत्या.

पण चांगल्या कामाला दृष्ट लागतेच. वरून तपासणीला एक बाई आल्या. चहा नको म्हणाल्या, तेव्हाच आम्ही ओळखलं. त्यांनी विचारलं, "जे गठ्ठे उघडलेच नाहीत, ते कुठे आहेत?" इतका सरळ प्रश्न आम्हाला कधी कुणी विचारला नव्हता. आम्ही म्हणालो, "सुरक्षित आहेत." त्या म्हणाल्या, "ते मी ठरवीन." त्या गेल्यावर मोठ्या साहेबांनी न तपासलेले सगळे गठ्ठे विलगीकरणात हलवण्याचा आदेश काढला.

विलगीकरण म्हणजे कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीतला एक संगणक. त्याला बाहेरून कसलीही वायर जात नाही. पेन ड्राइव्ह लावायच्या खाचा गोंदाने बुजवल्या आहेत. स्क्रीन काढून घेतली आहे, कारण स्क्रीन असली की माणूस बघतो आणि बघितलं की उघडावंसं वाटतं. नियम सोपा आहे: तपासल्याशिवाय गठ्ठा विलगीकरणातून बाहेर येणार नाही. चाळणी मात्र बाहेरच्या संगणकावर राहते. ती आत न्यायची तर वायर जोडायला हवी, आणि वायर जोडली की ते विलगीकरण राहत नाही. यावर मोठ्या साहेबांनी मार्ग काढला. गठ्ठ्याने तीन महिने आत राहून कुणालाही काही केलं नाही, तर तो निरोगी समजावा. एकट्याने बंद खोलीत राहून कुणाला काही करण्याची सोय नसल्यामुळे आजवर एकही गठ्ठा नापास झालेला नाही.

हे सगळं इतकं सुरळीत चाललं होतं. अशात माझ्या ताईला खोकला झाला.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं, आणि तिचा आवाज ऐकला नाही असा माणूस आमच्या गल्लीत नाही. बाजारातून आली की जिन्याखालूनच माझ्या भाचीला हाक मारायची, "पिशव्या घ्यायला ये गं!" तिच्या मुलीखेरीज आणखी दोन मजल्यांवरच्या मुली खाली यायच्या.

खोकल्यासाठी एक्स-रे काढला. खोकला साधाच निघाला, पण उजव्या फुप्फुसात एक ठिपका दिसला. आमच्याच रुग्णालयातल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या छातीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हा ठिपका जुना असेल तर बऱ्या झालेल्या आजाराची खूण आहे, खुशाल घरी जा. नवा असेल तर काढावा लागेल. या वयात आणि या आकाराला मी थांबून बघा म्हणणार नाही. जुना एक्स-रे आहे का?"

होता. दहा वर्षांपूर्वी ताईला न्यूमोनिया झाला तेव्हा आमच्याकडेच काढला होता. त्याची फिल्मही ताईने खाकी पाकिटात घालून कपाटामागे जपून ठेवली होती. पुढे आमच्या कक्षाने 'जुन्या फिल्म घरी साठवू नका, आम्ही आहोत' ही जनजागृती मोहीम काढली. मोहिमेची सुरुवात घरापासून करावी म्हणून मी स्वतः ताईकडे जाऊन ती फिल्म भंगारात द्यायला लावली. ती म्हणाली होती, "असू दे रे, काय खायला मागते का?" मी तिला हिरव्या खुणेचं प्रमाणपत्र दाखवलं: बॅकअप पूर्ण. धाकटा भाऊ शिकलेला, म्हणून तिने ऐकलं.

तर ताई तळघरात आली. चपला काढल्या, मास्क लावला.

"धाकट्या, माझा फोटो तुझ्याच ऑफिसात आहे ना? मग दे की."

"ताई, असा देता येत नाही."

"मग कसा देतात?"

"देत नाहीत."

ती काचेच्या खोलीकडे बघत राहिली. "त्या डब्यात आहे?"

"हो. अगदी सुरक्षित आहे."

"अरे, मला तो नकोय. नुसता बघायचाय. डॉक्टरांना दाखवायचाय. बघून परत ठेव."

मी तिला नियम समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं, तेही मधे न बोलता. ताई मधे बोलली नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं की ती घाबरली आहे. जाताना दारात चपला घालताना तिने भिंतीला धरलं.

मला वाईट वाटलं नाही असं कुणी समजू नये. खूप वाटलं. त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी परत नेला. पण नियमात बहीण हा रकाना नाही. तरी होतं ते केलं. एक्स-रे मिळावा म्हणून तिने केलेल्या अर्जावर स्वतःच्या हाताने 'अति तातडीचे' असा शिक्का मारला. तातडीच्या अर्जांत घाईमुळे चूक होण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांची दोनदा छाननी होते. त्यामुळे अर्ज जरा मागे पडला, पण त्याला मान मिळाला.

दोन दिवसांनी डॉक्टरबाई स्वतः खाली आल्या. तिसऱ्या मजल्यावरून तळघरात उतरलेल्या त्या पहिल्याच डॉक्टर. मास्क त्यांना द्यावा लागला नाही, त्यांचा होताच.

"एक साधी गोष्ट करा," त्या म्हणाल्या. "वरून मी एक जुना संगणक पाठवते. भंगारात चाललेलाच आहे. त्यावर ती फाइल उघडा. मी दोन मिनिटं बघते. असला व्हायरस तर त्या संगणकाला होईल, मग जाळून टाका."

यात चूक काढता येत नव्हती, त्यामुळे आम्ही सगळेच अस्वस्थ झालो. शेवटी मोठे साहेब म्हणाले, "बाई, आमच्याकडे आतली वस्तू बाहेर जात नाही आणि बाहेरची आत येत नाही."

"आणि पेशंट?"

"तो वरच्या मजल्याचा विषय आहे."

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. "तुमची बहीण आहे ना?"

मी म्हणालो, "सख्खी."

त्या जिना चढून वर गेल्या. ऑपरेशनची तारीख त्यांनी ठरवली, कारण वाट बघण्याची जोखीम घ्यायला त्या तयार नव्हत्या. आमच्याकडे वाट बघण्यात कसलीच जोखीम नव्हती. हा कामाच्या स्वरूपातला फरक आहे.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. फुप्फुसाचा एक तुकडा ठिपक्यासकट काढला आणि प्रयोगशाळेत पाठवला. त्यांनी तो कापून, रंगवून, भिंगाखाली धरून अगदी मन लावून तपासला. (त्यांच्याकडे 'क' हा प्रकार नाही. मागासलेपण.) अहवाल आला: जुन्या, बऱ्या झालेल्या आजाराची खूण. घातक असे काही आढळले नाही.

आणि योग बघा, त्याच आठवड्यात ताईच्या गठ्ठ्याची तीन महिन्यांची मुदत संपली. तोही निरोगी ठरला. मी प्रमाणपत्र छापलं: काही आढळले नाही. तळघर आणि तिसरा मजला यांचं एका वाक्यावर एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. मोठ्या साहेबांना गहिवरून आलं. दोन्ही अहवाल शेजारी शेजारी फ्रेम करून लावायची त्यांची सूचना मी, आपल्याच घरातली गोष्ट म्हणून, नम्रपणे नाकारली.

एक्स-रे मात्र फिल्मवर छापून मी स्वतः वॉर्डात घेऊन गेलो. भाची उशाशी बसली होती. ताईने फोटो खिडकीकडे धरला. उजव्या बाजूला, त्याच जागी, तेवढाच ठिपका होता.

"म्हणजे हा होताच," ताई म्हणाली. दोन शब्दांच्या मधे तिला श्वास घ्यावा लागत होता.

"होताच," मी म्हणालो. "दहा वर्षं. जराही धक्का लागला नाही."

भाची माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, आईच्या छातीतलाही सुरक्षितच होता."

मी विषय बदलला. ताईने फोटो माझ्या हातात परत दिला. "आता घेऊन जा. तुमच्याकडेच ठेव."

मी तो परत नेला, पण बाहेर जाऊन आलेली वस्तू म्हणून तो आता विलगीकरणात आहे. ताई घरी आली. मी अधूनमधून जातो. चहा देते, काही बोलत नाही, म्हणजे त्या विषयावर बोलत नाही. बाजारातून आली की आता ती जिन्याखालून हाक मारत नाही. पायरीवर बसते आणि भाचीला मिस्ड कॉल देते. वरच्या मजल्यांवरच्या मुली सुरुवातीला सवयीने तिच्या वेळेला दाराशी यायच्या, आता येत नाहीत. गल्ली फार शांत झाली आहे. मला ती शांतता आवडत नाही, पण त्याबद्दल तक्रार कुठे करायची ते ठाऊक नाही.

तुम्हाला वाटत असेल, असा कक्ष आपल्याकडे नाही, बरं झालं. तसं मुळीच नाही. तुमच्याही फोनवर अधूनमधून हिरवी खूण उमटते: बॅकअप पूर्ण. ती बघून तुम्ही समाधानाने फोनमधले जुने फोटो पुसून टाकता, आईचा आवाज पुसून टाकता, कपाटामागचं खाकी पाकीट भंगारात देता. खूण कशाची आहे, ते कुणी उघडून बघितलं आहे का, हे तुम्ही आजवर विचारलेलं नाही, आणि त्याबद्दल आमचा कक्ष तुमचा आभारी आहे. तुमचं सगळं आमच्याकडे आहे. अगदी सुरक्षित आहे. फक्त ते लागेल असं काही होऊ देऊ नका.