मेहबूबचाचांचा तपासनीस

नापास झाल्यावर खूश होणारा माणूस आमच्या परंड्यात एकच. मेहबूबचाचा. वय साठीच्या पुढं, धंदा गाद्या भरायचा, आणि नापास होते ती त्यांच्या दुकानाची वेबसाईट.

आता परंड्यात वेबसाईट बघून कुणी गादी घेत नाही. गिऱ्हाईक येतं, गादीत मूठ दाबतं, बायकोला बसवून बघतं आणि भाव ऐकून उठतं. पण चाचांची लेक यास्मिन पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला आहे. तिनं हौसेनं वेबसाईट काढून दिली आणि तिच्यावर एक टूलही बसवलं. ते रोज सकाळी पानाचा कोड आपोआप तपासतं, शंभरपैकी गुण देतं आणि काय सुधारायचं तेही सुचवतं. फोटो जड आहेत, अक्षरं फिकट आहेत, बटण बोटाला सापडत नाही, वगैरे. चाचा त्याला ‘तपासनीस’ म्हणतात.

रिपोर्ट इंग्रजीत येतो. शेजारी माझं चष्म्याचं दुकान, त्यामुळं तो वाचून दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी शटर अर्धं उचललं की हाक आलीच, "चष्मेवाले, बघा वो, तपासनीस काय म्हणतोय!" माझं गिऱ्हाईक खोळंबलं तरी त्यांना चालतं.

तपासनिसाचं ऐकून चाचांनी जगालाही सुधारायला घेतलं. अक्षरं फिकट म्हटल्याबरोबर दुकानाची पाटी नव्यानं रंगवली. चहा उशिरा आला की चहावाल्याला म्हणणार, "तुजं पान लई जड झालंय रं, दोन बरण्या कमी कर." स्वतःच्या वेबसाईटवर मात्र सगळं उलटं. दर आठवड्याला काहीतरी अवजड नेऊन टाकायचं. एकदा अख्खा किल्ला टाकला. एकदा शेळी. मी म्हणालो, "चाचा, गाद्यांच्या पानावर शेळी?" तर म्हणाले, "फोटो कसा आलाय ते बगा की." गुण धाडकन घसरले आणि या गृहस्थानं मला जिलेबी खाऊ घातली.

गोम मला त्याच दिवशी कळली. गुण घसरले की रिपोर्ट यास्मिनलाही जातो. जिलेबी संपायच्या आत तिचा फोन आला. "अब्बा, गादीके पेज पो बकरी कौन डाल्या?"

चाचांनी भोळेपणाचा आव आणला. "गलतीसे पडी बेटा." मग फोटो हलका कसा करायचा ते ती समजावत राहिली आणि हे "फिरसे बोल" म्हणत राहिले. मधेच जेवलीस का, तिकडं पाऊस आहे का, खोकला कशानं येतोय, सगळं काढून घेतलं. फोन ठेवला तेव्हा माणूस दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

मी चिडलोच. "अवो, मग सरळ फोन करा की लेकीला. त्या शेळीला कशाला कामाला लावता?"

चाचांनी गादीला दोन टाके घातले. मग म्हणाले, "फोनवर बोलायचं काम तिच्या अम्मीचं. मी मागं हुबा ऱ्हाऊन ऐकायचो. अम्मी गेली. आता म्या फोन केला की मी ‘कैसी है’ म्हणतो, ती ‘ठीक’ म्हणती. फुडं काय बोलावं दोघांलाबी सुचत न्हाय. चूक निघाली की लई बोलती बगा."

त्यानंतर मीही त्यांना जड जड फोटो शोधून द्यायला लागलो.

परवा यास्मिनचा आपणहून फोन आला. अब्बा सारखे चुकतात, त्यांना फार त्रास होतो, म्हणून तिनं सुट्टीचा दिवस घालवून टूल सुधारलं होतं. आता ते नुसतं सुचवणार नाही, चूक दिसताक्षणी स्वतःच दुरुस्त करणार. "अब्बा, अब तुमे कुछ करनाच नक्को." चाचा "शाबास बेटा" म्हणाले. लेकीची हुशारी चार दुकानांत जाऊन सांगूनही आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कापूस पिंजायच्या मशीनचा अख्खा व्हिडिओ वेबसाईटवर टाकला. मी रिपोर्ट वाचायला गेलो. टूलनं व्हिडिओ हलका करून टाकला होता. गुण शंभरपैकी शंभर, सगळं हिरवंगार. चाचांनी अक्षरं फिकट केली, ती त्यानं गडद केली. बटण बारीक केलं, ते मोठं केलं. दुपारी फोन वाजला तसा चाचांनी झडप घालून उचलला. उश्यांचा भाव विचारायला कुणीतरी केला होता.

पोरीनं सगळं मायेनंच केलं होतं, तिला बोल तरी कसा लावायचा? संध्याकाळी चाचांनी मोबाईल माझ्यापुढं धरला आणि हळूच विचारलं, "चष्मेवाले, तपासनिसाला दुरुस्त करता येनार न्हाय, अशी एकांदी चूक सांगा की."

मी त्यांच्याशेजारी गादीवर बसलो आणि आम्ही दोघंही विचार करायला लागलो.