बक्षीसपात्र बोगनवेल

टेलरमास्तरांच्या खिडकीवर बोगनवेल चढली होती. नुसती चढली नव्हती, खुर्चीला चिकटलेल्या साहेबासारखी बसली होती. खिडकीशी शिलाई मशीन, मशीनवर दोघा नवराबायकोचं पोट, आणि त्या पोटाला लागणारा उजेड गुलाबी फुलांनी गजांबाहेर अडवून धरलेला. भरदुपारी दिवा लावूनही मास्तरांनी एका काळ्या पँटला निळ्या दोऱ्याने टीप मारली. जुनं गिऱ्हाईक "डोळे तपासा, मास्तर" म्हणालं आणि गेलं ते गेलंच.

"डोळे कसले तपासता? वेल छाटा," बायको म्हणाली. वेल तिनेच लावलेली. "जन्मभर लोकांची कापडं कापलीत, दारातल्या चार फांद्या कापताना हात लुळा पडतो होय?"

मास्तर कात्री घेऊन बाहेर आले. तोच समोरच्या गॅलरीतून निवृत्त हेडक्लार्क कडाडले, "हात मागे! ह्या वेलीमुळे आपल्याला 'बहरती गल्ली'चं बक्षीस मिळालंय!"

"काका, पण मला आत दिसत नाही हो."

"आम्हाला बाहेरून दिसतं ना! समाजात राहायचं तर थोडं सोसावं लागतं."

हे 'थोडं' नेहमी दुसऱ्याच्याच घरात सांडतं. मास्तर उद्यान खात्यात गेले.

"सध्या फुलं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"भरपूर."

"मग छाटता येणार नाही. सौंदर्यहानी होते."

"फुलं गळल्यावर छाटू?"

"गळल्यावर ते फुलझाड कशावरून? फुलझाड नसेल तर आमच्या खात्याचा संबंधच नाही."

तरी साहेब पाहणीला आले. काटे लागतील म्हणून गाडीतून उतरले नाहीत. रस्त्यावरून फोटो काढला, "वा!" म्हणाले आणि शेरा मारला: 'सदर वेलीच्या वाढीस घराचा अडथळा होत आहे. घरमालकाने खिडकी उघडी ठेवून वेलीस सहकार्य करावे.'

मास्तरांनी सहकार्य केलं. साध्या माणसाला दुसरं येतं काय? वेल खिडकीतून आत आली आणि मशीनच्या चाकाला विळखा घालून बसली. मास्तर पुन्हा खात्यात धावले. साहेब गंभीर झाले. "मशीन आता हलवायची नाही. तो वेलीचा आधार झाला."

"तुम्हीही एका जागी फार बसू नका," बायको म्हणाली. "उद्या तुम्हालाही आधार ठरवतील."

अशात 'फुलझाडे जगवा' मोहीम निघाली. शुभारंभाला वरचे साहेब येणार, तेही बक्षीसपात्र गल्लीतच. भलामोठा बॅनर तयार झाला, पण तो मावेल अशी भिंत गल्लीत एकच, मास्तरांची. आणि तिच्यावर वेल! सकाळीच खात्याची माणसं कोयते घेऊन हजर झाली. फुलं पाहिली नाहीत, हंगाम विचारला नाही, थेट बुंध्यावर घाव घातला.

"अरे, मुळापासून नको!" बायको धावली. "खिडकीपुरतीच छाटा!"

"छाटायला परवानगी लागते, वहिनी," मुकादम म्हणाला. "तोडायचा तोंडी हुकूम आहे."

वेल पडली. कितीतरी दिवसांनी मशीनवर ऊन आलं. मास्तरांनी घाईने सुईत दोरा ओवला, तेवढ्यात ठोकाठोक झाली आणि खोलीत पुन्हा अंधार. खिडकीवर बॅनर बसला होता. हसऱ्या फुलाचं चित्र, खाली 'फुलझाडे जगवा'.

"हा कधी काढणार?" मास्तरांनी आतून ओरडून विचारलं.

"बॅनर आमच्याकडे येत नाही," बाहेरून साहेब म्हणाले. "आमच्याकडे फक्त झाडं."

टाळ्या झाल्या. हेडक्लार्क झाडांच्या मायेवर बोलले. मग तोडलेल्या बुंध्यावर पाय देऊन अख्ख्या गल्लीने फोटो काढला. त्याच संध्याकाळी मास्तरांनी मशीन हातगाडीवर चढवली आणि दोघं गल्ली सोडून गेले. कुठे, ते कोणी विचारलं नाही.

फोटो छान आलाय. मागच्या रांगेत, बत्तिशी दाखवत हात वर केलेले ते तुम्हीच ना? नीट बघा, काखेत शर्ट टरकन उसवलाय तुमचा. झाकत फिरा आता.